आधी यादी, मग काढणे

७ फेब्रुवारी २००५, सोमवार

आज दोन वह्या घेतल्या. एक ऑफिसची, एक ही.

डॉक्टर अनिरुद्धांनी सकाळी खोलीत बोलावलं. म्हणाले, "रज्जाक, सर्व्हरवर तुम्ही सहा वर्षांत हातानं जे जे बांधून ठेवलंय, ते सगळं काढायचंय. स्वच्छ. मागे काही राहता कामा नये. त्या जागी बाहेरची कंपनी नवीन सिस्टिम बसवणार आहे. आणि काढताना प्रत्येक गोष्ट लिहून ठेवा."

किती तपशीलात लिहू, विचारलं.

"तुम्ही नसताना दुसऱ्या कुणाला वाचून कळेल इतकं. माणसानं कधी रजासुद्धा घ्यावी हो. सहा वर्षांत किती घेतलीत?"

अम्मी गेली तेव्हा चार दिवस. तेवढीच. पण रक्तपेढीच्या प्रमुखानं स्वतःहून हे विचारावं, बरं वाटलं.

ऑफिसच्या वहीत कामाचं लिहीन. ही वही घरी, बिबवेवाडीला. इथे वाचणारं कुणी नाही, त्यामुळे अक्षर कसंही आलं तरी चालेल.

९ फेब्रुवारी, बुधवार

ऑफिसच्या वहीचं पहिलं पान तीनदा फाडलं. करणं सोपं, समजावणं कठीण. इथे जमतंय का बघतो.

लिनक्सवर तयार पॅकेज बसवलं की कोणती फाइल कुठे ठेवली याची नोंद मशीन स्वतः ठेवतं. नको झालं की एक आज्ञा द्यायची, मशीन नोंद बघून सगळं उचलून घेतं. पण नव्व्याण्णव साली मला हवं तसं पॅकेज मिळत नव्हतं. मासिकाबरोबर आलेल्या सीडीवरून मूळ सोर्स, म्हणजे प्रोग्रामचा लिहिलेला मजकूर घ्यायचा, आपल्या मशीनवर कम्पाइल करायचा, म्हणजे त्यातून चालणारा प्रोग्राम बनवायचा आणि 'मेक इन्स्टॉल' म्हणायचं. त्यासरशी फायली चहूकडे पांगतात. प्रोग्राम एकीकडे, लायब्ऱ्या दुसरीकडे, माहितीची पानं तिसरीकडे. नोंद कुठेच नाही. सोर्सचं फोल्डर जपून ठेवलं असेल तर त्यात जाऊन 'मेक अनइन्स्टॉल' म्हणता येतं. मी ती फोल्डरं पुसून टाकली होती. तेव्हा डिस्क चार जीबीची होती, जागेसाठी जीव टाकायचो.

काढायची वेळ येईल असं तेव्हा वाटलं नव्हतं. हडपसरचा कारखाना बंद पडून दीड वर्ष झालं होतं, मी घरी बसून रेडिओ दुरुस्त करत होतो. डॉक्टरांनी एक संगणक आणि कोपऱ्यातली खोली दिली. दात्यांची यादी, पिशव्यांचे नंबर, पिशवीवर चिकटवायची चिठ्ठी, सगळं त्या खोलीत बसून मी केलं.

१४ फेब्रुवारी, सोमवार

नव्या कंपनीची मुलगी आली. पूर्वा. वय चोवीस-पंचवीस. माझ्या खोलीत बसणार आहे. दुसरी खुर्ची पहिल्यापासून होतीच, तिच्यावर प्रिंटरच्या कागदाचे गठ्ठे असायचे. ते जमिनीवर ठेवले.

ती म्हणाली, "सर, एवढी लिस्ट कशाला? हातानं बसवलेलं सगळं लोकल फोल्डरातच असतं, डायरेक्ट तेच उडवू या ना."

म्हटलं, "त्यात आपलं नसलेलं काही असलं तर?"

"मग कळेलच की, काहीतरी बंद पडेल."

"इथे काय बंद पडलं तर चालेल, ते कौशल्याबाईंना विचारून या."

कौशल्याबाई रक्तगट तपासतात. तीस वर्षं झाली त्यांना. पूर्वा खरंच विचारायला गेली. परत आली. बाईंनी तिला काय सांगितलं ते सांगितलं नाही, पण मग पेन काढून म्हणाली, "ओके सर. आधी यादी."

१८ फेब्रुवारी, शुक्रवार

आज चांगला दिवस.

मी जुना डेटाबेस बांधताना कोणते पर्याय दिले होते, ते मला आठवत नव्हतं. पण त्यालाच विचारता येतं, तुला कसं बांधलं होतं. त्याच्याबरोबर एक छोटा प्रोग्राम असतो, तो सगळे पर्याय जसेच्या तसे छापून देतो. पूर्वाला हे माहीत नव्हतं. ओळ पडद्यावर आली तेव्हा तिनं टाळी वाजवली.

मग रिकाम्या मशीनवर त्याच आवृत्तीचा सोर्स, तेच पर्याय, पुन्हा कम्पाइल केलं. फक्त इन्स्टॉल करताना सांगितलं की खऱ्या जागी नको, या एका रिकाम्या फोल्डरमध्ये टाक. त्यात जे पडलं ती आपली यादी. सहाशे एकतीस फायली. आता सर्व्हरवर नेमक्या तेवढ्याच शोधायच्या, तेवढ्याच काढायच्या.

कम्पाइल व्हायला चाळीस मिनिटं लागली. तेवढा वेळ आम्ही बोलत बसलो. ती मूळची सांगलीची. मैत्रिणींबरोबर फ्लॅटवर राहते. मला विचारलं, घरी कोण कोण? म्हटलं, मी. ती म्हणाली, "आणि?" म्हटलं, बहीण सोलापूरला असते. ईदला फोन करते.

एवढा वेळ कुणाशी बोललो त्याला किती दिवस झाले, आठवत बसलो. आठवलं नाही.

२२ फेब्रुवारी, मंगळवार

टेलिफोनची नवी यादी भिंतीवर लागली. माझं नाव राहून गेलं आहे. टायपिस्टला सांगितलं. "बघते," म्हणाली. फार काम असतं तिला.

पूर्वाच्या कंपनीचा एक तक्ता आहे. प्रत्येक कामापुढे 'आत्ता कोण करतं' आणि 'यापुढे कोण करणार' असे दोन रकाने. पहिल्यात सगळीकडे माझं नाव. दुसरा रिकामा. म्हटलं, "यातही माझंच लिहून टाक, वेळ कशाला घालवतेस." ती म्हणाली, "ते नंतर भरतात, सर." आणि पाणी प्यायला उठली.

जेवताना कौशल्याबाई डबा घेऊन आमच्या खोलीत आल्या. भरली वांगी होती. मला म्हणाल्या, "रविवारी बिबवेवाडीतच शिबिर आहे, तुमच्या घराजवळच्या शाळेत. येता का?"

"संगणक लागणार आहे का?"

"नाही."

"मग माझं काय काम?"

बाई उठल्या. डबा बंद करून गेल्या. वांगी अर्धी तशीच होती. वास्तविक त्यांना भूक होती, येतानाच तसं म्हणाल्या होत्या.

२६ फेब्रुवारी, शनिवार

दुपारी काढलं.

जुनी माहिती आधी नव्या डेटाबेसमध्ये ओतून, दोनदा मोजून घेतली. मग यादीतल्या फायली एकेक करून काढायचा प्रोग्राम चालवला. चार मिनिटं. सहाशे एकतीसपैकी सहाशे अठ्ठावीस सापडल्या. तीन कधीतरी मीच दुसरीकडे हलवल्या होत्या, त्या शोधून हातानं काढल्या. रिकामी फोल्डरं राहिली होती, तीही काढली.

पूर्वा म्हणाली, "सर, इट्स क्लीन. असं कुणीच करत नाही."

मी पुन्हा एकदा शोध लावला. काही आलं नाही. पडदा कोरा. ऑफिसच्या वहीत लिहिलं, 'काम पूर्ण, शिल्लक काही नाही.' बसनं घरी येताना स्वारगेटला उतरायचं विसरलो.

२ मार्च, बुधवार

आजच लिहायला हवं.

दोन दिवस बाई पिशव्यांच्या चिठ्ठ्या हातानं लिहीत होत्या. काल पूर्वानं नवा चिठ्ठीचा प्रोग्राम बसवला. लोकांना सवय आहे म्हणून जुनंच नाव ठेवलं, 'चिठ्ठी'. दोन नमुने छापले, बरोबर आले. आज सकाळपासून चिठ्ठ्या मशीनवर सुरू झाल्या.

साडेदहाला बाई दारात आल्या. एका हातात पिशवी, दुसऱ्यात त्यांचं रजिस्टर. आवाज चढवला नाही. "रज्जाकभाई, तीनशे अठरा. मी तपासलंय, ओ पॉझिटिव्ह आहे. चिठ्ठी बी पॉझिटिव्ह म्हणते."

 मी मशीनला विचारलं, 'चिठ्ठी' म्हटल्यावर तू कोणता प्रोग्राम चालवतोस? उत्तर आलं. माझा. नव्व्याण्णवचा. तो मी स्वतः लिहिला होता, कम्पाइल केला होता आणि 'मेक इन्स्टॉल' न म्हणता हातानं उचलून तिथे ठेवला होता. म्हणून कुठल्याच यादीत आला नाही. नवाही मशीनवर होता, पण मशीन आधी लोकल फोल्डरात बघतं आणि तिथे माझा बसला होता.

जुना डेटाबेस नसताना तो चालला कसा? तेही माझंच. वीज गेली की डेटाबेस उठायला वेळ लागायचा, लोक खोळंबायचे. म्हणून मी सोय केली होती की डेटाबेस सापडला नाही तर एका साध्या फाइलमधली यादी वाच. ती फाइल मी वर्षअखेरीला भरायचो. पिशव्यांचे नंबर दर जानेवारीत एकपासून सुरू होतात. त्यानं गेल्या वर्षीची तीनशे अठरा वाचली. काल पूर्वानं छापलेल्या दोन नंबरांचे गट दोन्ही वर्षी सारखेच निघाले, निव्वळ योगायोग.

सकाळपासून चार चिठ्ठ्या लागल्या होत्या. एक पिशवी बाईंच्या हातात, दोन फ्रिजमध्ये होत्या. चौथी पिशवी, बाई दारात येण्याआधीच, काउंटरवरून दिली गेली होती, मांजरी रस्त्यावरच्या एका नर्सिंग होमला.

बाईंनी फोन उचलला. मी रिक्षा केली.

तिथे पोचलो तेव्हा पिशवी टेबलावर होती. द्यायच्या आधी पेशंटचं रक्त तिच्याशी जुळवून बघतात, ते अजून व्हायचं होतं. बघितलं असतं तर त्यांनाही कळलं असतं. कळलं असतं म्हणजे बहुतेक कळलं असतं. मी पिशवी घेऊन बाहेर आलो. बाकावर एक म्हातारे गृहस्थ बसले होते, धोतर, हातात पिशवीभर मोसंबी. त्यांनी विचारलं, "रगत कुठं घिऊन चाललाय? माझ्या सुनंचं हाय ते."

"चिठ्ठी चुकलीय, बाबा. दुसरी पिशवी येतेय."

"कुणी चुकवली?"

"मी."

 ते बाकावर सरकले. "बसा तर मग. ती येस्तोवर जाऊ नका."

पंचवीस मिनिटं बसलो. कौशल्याबाई स्वतः दुसरी पिशवी घेऊन आल्या. सुनेला मुलगी झाली होती, सकाळीच.

३ मार्च, गुरुवार

डॉक्टरांच्या खोलीत बैठक. पूर्वाचे साहेब फोनवर होते. ते म्हणाले, आमचा प्रोग्राम बरोबर आहे, मशीनवर काय काय पडलेलं असतं त्याला आम्ही काय करणार.

मी सांगायला सुरुवात केली तेव्हा डॉक्टर म्हणाले, "आमच्याकडे रक्त मिळतं, सबबी मिळत नाहीत. चूक कोणाची, तेवढं सांगा."

पूर्वा खाली मान घालून बसली होती. नवा प्रोग्राम तिनं बसवला. बसवल्यावर मशीन नक्की कोणता चालवतंय ते बघणं तिचं काम होतं, दोन नमुन्यांवर थांबायला नको होतं. हे सगळं माझ्या मनात आलं. मनातच नाही, जिभेवर आलं. खरंही होतं ते. कोणी खोटं म्हटलं नसतं.

"माझी," म्हणालो. "फाइल माझी. यादीत नव्हती, कारण मी नोंदवली नव्हती."

नंतर खोलीत पूर्वा रडली.  मी खिडकी उघडली.

५ मार्च, शनिवार

आता याद्यांवर विश्वास नाही. मशीन पहिल्यांदा सुरू झालं त्या तारखेनंतर आलेली प्रत्येक फाइल शोधली. ज्या कुठल्याच पॅकेजच्या नोंदीत नाहीत त्या वेगळ्या काढल्या. एकशे चार निघाल्या. एकशे चार! आणि मी लिहिलं होतं, शिल्लक काही नाही. एकेक उघडून बघतोय. काही तर मी का ठेवल्या तेही आठवत नाही. एकीत फक्त अम्मीच्या औषधांच्या वेळा होत्या.

१५ मार्च, मंगळवार

जेवताना पूर्वानं विचारलं, "सर, तुम्ही पुढे काय करणार?"

"कशाच्या पुढे?"

तिनं घास खाली ठेवला. "एकतीस तारखेच्या."

"एकतीसला काय आहे?"

तिनं डबा बाजूला सरकवला. मग म्हणाली, "सर, मला वाटलं तुम्हाला आता तरी सांगितलं असेल. मशीन आमची कंपनी सांभाळणार आहे. सगळंच. तुमचं... तुमची पोस्ट राहणार नाहीये."

"तुला कधीपासून माहीत?"

"पहिल्या दिवसापासून. आम्हाला सांगितलं होतं, सरांशी विषय काढायचा नाही, ते डॉक्टर बघतील."

मी डबा धुतला, पुसला, जागेवर ठेवला आणि डॉक्टरांकडे गेलो. ते म्हणाले, "मी सांगणारच होतो, रज्जाक. काम होऊ द्यावं म्हटलं. आधी सांगितलं असतं तर तुम्ही खचला असता, काम नीट झालं नसतं. आता तुम्हीच बघा, जरा लक्ष गेलं तर काय होतं."

आज ते खिडकीबाहेर बघत बोलले, सहा वर्षांत माझ्याशी कधी तसं बोलले नव्हते.

रजा घ्या म्हणाले होते ना. मी मूर्ख. टेलिफोनच्या यादीत टायपिस्ट विसरली म्हणे. आणि तो तक्ता. त्यात माझंच नाव लिही म्हणून मीच सांगत होतो.

१६ मार्च, बुधवार

गेलो नाही.

१७ मार्च, गुरुवार

गेलो. बस नेहमीचीच मिळाली.

२१ मार्च, सोमवार

एक गोष्ट अजून कुठेच लिहिलेली नाही. ऑफिसच्या वहीत नाही, तक्त्यात नाही.

दात्यांच्या सगळ्या माहितीची नक्कल रोज सकाळी सहाला दुसऱ्या डिस्कवर जाते. नव्या डेटाबेसचीही जाते, ते मीच जोडून दिलं. पण ते काम माझ्या नावानं चालतं. एकतीसला पूर्वा मशीनवरचं माझं खातं पुसणार. ते पुसलं की नक्कल थांबेल. आवाज होणार नाही, सूचना येणार नाही. डिस्क बिघडेपर्यंत कुणाला पत्ता लागणार नाही. वर्षानं बिघडेल, दोन वर्षांनी बिघडेल. तेव्हा डॉक्टर म्हणतील, रज्जाकला बोलवा.

मला काही करायचं नाहीये. फक्त सांगायचं नाहीये. त्यांनी तरी मला कुठे सांगितलं?

२३ मार्च, बुधवार

अजून लिहिलं नाही. पूर्वानं आज दोनदा विचारलं, "सर, काही राहिलंय?" दोनदा नाही म्हणालो. दुसऱ्यांदा सोपं गेलं.

कौशल्याबाईंनी विचारलं, "झोप लागते का तुम्हाला?" त्यांना कळलंय. सगळ्यांनाच कळलंय, चौकीदारसुद्धा उठून नमस्कार करतो आता. बाई म्हणाल्या, त्या डॉक्टरांशी बोलल्या. काय बोलल्या विचारलं. "जे बोलायचं ते," म्हणाल्या. त्यांच्यासारख्या बाईनं माझ्यासाठी कशाला वाईटपणा घ्यायचा?

२९ मार्च, मंगळवार

काउंटरवर एक बाई आली होती. नवऱ्याला एबी निगेटिव्ह हवं होतं. कौशल्याबाईंनी संगणकावर दात्यांची यादी काढली, तीन नावं आली, तिसरा फोन लागला. आंघोळीवरून तसाच ओल्या केसांनी आला माणूस. संध्याकाळपर्यंत पिशवी तयार.

ती यादी पुसली गेली तर बाई काय सांगतील काउंटरवरच्या माणसाला? डॉक्टर नसतात काउंटरवर.

ऑफिसच्या वहीत लिहिलं. अर्धं पान. शिवाय पूर्वाला बसवून ते काम तिच्या कंपनीच्या खात्यावर हलवलं, माझ्यासमोर एकदा चालवून घेतलं. ती म्हणाली, "सर, हे आत्ता आठवलं तुम्हाला?"

"नाही," म्हटलं. "आठ दिवस आठवत होतं."

तिनं वर बघितलं. मग तक्त्यात एक ओळ वाढवली.

३१ मार्च, गुरुवार

माझं खातं पूर्वानं पुसायचं होतं. मीच पुसलं. आपण केलेलं आपण काढावं. घरच्या फोल्डरसकट, म्हणजे माझ्या खासगी फायलींसकट, काढायचं का असं मशीननं विचारलं नाही, ते आधीच सांगावं लागतं. सांगितलं.

डॉक्टरांनी शाल दिली. भाषणात म्हणाले, रज्जाक म्हणजे आमच्या घरातलेच. फोटोच्या वेळी कौशल्याबाई दिसल्या नाहीत, रक्त तपासत होत्या. जाताना लॅबच्या दारात थांबलो. हातात मोजे होते त्यांच्या, म्हणून हात जोडता आले नाहीत. म्हणाल्या, "फोन लागतो ना घरी तुमचा?" म्हटलं, लागतो.

११ एप्रिल, सोमवार

लिहिण्यासारखं काही नाही.

१९ एप्रिल, मंगळवार

शेजारच्या मुलांचा रेडिओ दुरुस्त केला. आज दिवसभरात मी एकूण किती शब्द बोललो ते मोजायचा प्रयत्न केला. दुधवाल्याला दोन. रेडिओच्या वेळी सात-आठ.

जैनबचा सोलापूरहून फोन. "भाईजान, इकडे या राहायला." येईन म्हटलं. तिच्या घरी माणसं फार.

२४ एप्रिल, रविवार

सकाळी आठला फोन. कौशल्याबाई. "शिबिर आहे. शेजारच्याच गल्लीत. येताय ना?"

संगणक लागणार का, असं तोंडात आलं होतं. नाही विचारलं. गेलो. दात्यांना बिस्किटं आणि चहा द्यायचं काम मिळालं. एकशे सोळा लोक. एकजण चक्कर येऊन पडला, त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसलो. मग मीही दिलं. सहा वर्षं रक्तपेढीत होतो आणि कधी दिलंच नव्हतं. सुई बाईंनी स्वतः लावली. म्हणाल्या, "घट्ट मूठ करा. आता सोडा." मी सोडत नव्हतो. "सोडा हो, रज्जाकभाई," म्हणून हसल्या.

त्यांना हसताना फारसं पाहिलं नव्हतं. पुढचं शिबिर पंधरा मेला आहे म्हणाल्या. इतक्या आधीपासून मला का सांगून ठेवलं कुणास ठाऊक. वहीत तारीख लिहून ठेवतो.

२६ मे, गुरुवार

पूर्वाचा फोन. तिच्या कंपनीला आणखी अकरा ठिकाणची कामं मिळाली आहेत. सगळीकडे कुणीतरी हातानं बांधून ठेवलेलं. काढता कुणालाच येत नाही. "सर, तुमची ती वही आमच्याकडे सगळ्यांना झेरॉक्स करून वाटलीय. साहेब म्हणतात, याच माणसाला घ्या."

काम काय? काढायचं. फक्त काढायचं.

दोन दिवस विचार करतो म्हटलं. विचार काही केला नाही, दोन दिवस जाऊ दिले.

४ जून, शनिवार

साहेबांना भेटलो. सोमवारी मांजरीला जायचं. उसाची रोपं तयार करणारी एक प्रयोगशाळा आहे, तिथे बद्रीनाथ नावाचे गृहस्थ आठ वर्षं संगणक सांभाळतात.

उठताना साहेब म्हणाले, "एक लक्षात ठेवा. तिथल्या माणसाशी पुढचं काही बोलायचं नाही. ते त्यांचे मालक बघतील."

मान हलवली. ती का हलवली, बसमध्ये बसल्यावर स्वतःलाच विचारत होतो.

६ जून, सोमवार

मांजरी. खोली लहान, पण उजेड चांगला. काचेच्या बाटल्यांतून बोटाएवढी उसाची रोपं, रांगाच रांगा. बद्रीनाथ पंचावन्नचे असतील. पायजमा, चष्म्याला दोरी. मशीनवर कापड घातलेलं होतं, ते घडी करून बाजूला ठेवलं. प्रत्येक रोपाची पिढी, कुठल्या शेतात गेलं, किती जगलं, सगळं त्यांनी एकट्यानं केलेलं.

"आमच्याकडं कुणी येत न्हाई हो बघायला," म्हणाले. "तुम्हाला यातलं कळतं. बरं वाटलं. मालक म्हणाले, हे समदं काढून ठेवा, मग नवीन मोठं मशीन देतो. बसा, दाखवतो."

त्यांनी खुर्ची पुसून दिली. मी बसलो नाही.

"बद्रीनाथ, मला आधी एक सांगायचंय. मी हे काढायला आलोय, ते नव्या मशीनसाठी नाही. पुढे सगळं आमची कंपनी सांभाळणार. तुमची जागा राहणार नाही. मला कुणी सांगू नका म्हणालंय. पण तुम्हाला हे माहीत नसताना तुमच्याकडून मी यादी करून घेणार नाही."

ते उभेच होते. "कुनी सांगितलं तुम्हाला?"

"मला काढलं तेव्हा मला कुणी सांगितलं नव्हतं."

"मी ते इचारलं न्हाई," ते म्हणाले आणि निघून गेले. चपला तिथेच राहिल्या.

संध्याकाळपर्यंत खोलीत एकटा बसलो. मशीनला हात लावला नाही. साहेबांना सकाळी फोन करून खरं काय ते सांगेन. मग बहुतेक अकरांपैकी एकही ठिकाण बघायला मिळणार नाही. चांगलं केलं की वाईट, मला कळत नाही. त्यांचा चेहरा बघितल्यावर तर अजिबातच कळत नाही.

७ जून, मंगळवार

फोन केला. साहेब खूप बोलले. शेवटी म्हणाले, हे एक काम पुरं करा, मग बघू.

नऊला मांजरीला पोचलो. बद्रीनाथ माझ्या आधी आले होते. डोळे लाल. टेबलावर जुन्या सीड्यांचा गठ्ठा मांडलेला, प्रत्येकीवर पेनानं तारीख.

मला बघून म्हणाले, "तुम्ही कशाला सांगितलं हो? चार दिवस तरी बरे गेले असते माझे."

 माफी मागितली.

"मालकाकडं गेलो सकाळी. म्हटलं, तुमच्या तोंडानं सांगा. त्यांनी सांगितलं. खाली बघत सांगितलं, पण सांगितलं." त्यांनी एक बाटली सरळ करून ठेवली. "आठ वर्सं काढली इथं. न सांगता उठवलं असतं तर... ते जाऊ द्या."

मग त्यांनी खुर्ची ओढली. माझ्यासाठी नाही, स्वतःसाठी. दुसरी माझ्याकडे पायानं सरकवली.

"बसा. डबा आणलाय ना? दोघांत खाऊ. सांगा आता, काढायचं कुठून सुरू करायचं?"

"आधी यादी," म्हणालो, आणि त्यांनी पहिली सीडी माझ्या हातात दिली.